फिक्या रंगाचे जिल्हे

कॅन्सरचं प्रमाण दाखवणारा जगाचा नकाशा काढला की ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, पश्चिम युरोप गडद रंगात येतात आणि भारत फिकट. हा नकाशा आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. खाली हळद, ताक, एकादशी आणि पूर्वजांचं शहाणपण यांचं कौतुक. नकाशा खोटा नाही. तरुण आणि म्हाताऱ्या लोकसंख्येचा फरक हिशोबातून काढून टाकला तरी भारतात वर्षाला लाखामागे साधारण शंभर नवे रुग्ण निघतात आणि जगाची सरासरी त्याच्या जवळपास दुप्पट आहे. हळदीला त्याचं श्रेय द्यायचं तर द्यावं, माझं काही जात नाही.

पण रोग किती जणांना होतो हा एक प्रश्न झाला. झालेल्यांपैकी किती जण त्यात जातात, हा दुसरा. २०२२ सालच्या जागतिक अंदाजांनुसार जगात त्या वर्षी सुमारे २ कोटी नवे रुग्ण निघाले आणि ९७ लाख माणसं कॅन्सरने गेली. भारतात नवे रुग्ण १४ लाखांच्या थोडे वर, मृत्यू ९ लाखांच्या वर. अमेरिकेत नवे रुग्ण २४ लाखांच्या आसपास, मृत्यू सुमारे ६ लाख. म्हणजे शंभर नव्या रुग्णांमागे अमेरिकेत पंचवीसच्या आसपास मृत्यू आणि आपल्याकडे पासष्ट. यंदा गेलेल्या सगळ्यांचं निदान यंदाच झालेलं नसतं, त्यामुळे हा भागाकार ढोबळ आहे, संख्याशास्त्राच्या माणसाला तो आवडणार नाही. पण पंचवीस आणि पासष्ट यांतलं अंतर ढोबळपणातून आलेलं नाही.

स्तनाच्या कॅन्सरचा हिशोब तर जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२४ च्या सुरुवातीला मांडला. अत्यंत विकसित देशांत दर १२ बायकांपैकी एकीला आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो आणि ७१ पैकी एक त्याने मरते. सर्वांत मागास देशांत तो २७ पैकी एकीलाच होतो, पण ४८ पैकी एक मरते. होण्याची शक्यता निम्म्याहून कमी आणि मरण्याची शक्यता दीडपट. नकाशाचा रंग यातला पहिला अर्धा भागच सांगतो.

आता स्त्री-पुरुषांकडे वळू, कारण माझा मुद्दा तिथे आहे.

जगभर कॅन्सरने पुरुष जास्त मरतात. २०२२ मध्ये ५४ लाख पुरुष, ४३ लाख बायका. वयाचा फरक काढून लाखामागे पाहिलं तर पुरुष ११० च्या आसपास, बायका ७७ च्या आसपास. यात थोडा भाग शरीराचा आहे. स्त्री-पुरुष दोघांनाही होणारे बहुतेक कॅन्सर पुरुषांनाच जास्त होतात, आणि व्यसनं वजा केली तरी हा फरक पूर्ण मिटत नाही. थायरॉइड आणि पित्ताशय हे ठळक अपवाद. पित्ताशयाचा कॅन्सर आपल्याकडे गंगेच्या पट्ट्यात बायकांच्या मागे लागलेला आहे. पण ११० आणि ७७ यांतल्या या ३३ च्या अंतराचा मोठा भाग तंबाखू, दारू आणि कामाच्या जागी नाकातोंडात जाणारा धूर-धुळा यांचा आहे.

हे खात्रीने म्हणता येतं, कारण सवयी बदलल्या की अंतरही बदलतं. हंगेरीत पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या सिगारेट ओढली. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या मृत्यूंत तो देश जगात वरच्या नंबरांत असतो. डेन्मार्कमध्ये दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जन्मलेल्या बायकांनी पुरुषांच्या बरोबरीने सिगारेट हातात घेतली आणि पुढे त्या पिढीमुळे देशातल्या स्त्रियांचं सरासरी आयुर्मान काही वर्षं वाढायचंच थांबलं. अमेरिकेत १९६८ साली खास बायकांसाठी सडपातळ सिगारेटचा ब्रँड बाजारात आला. १९८७ पासून तिथे स्तनाच्या कॅन्सरपेक्षा फुप्फुसाच्या कॅन्सरने जास्त बायका मरू लागल्या. स्वीडनमध्ये उलटं: तिथले पुरुष सिगारेट सोडून ओठाखाली स्नूस नावाची तंबाखूची पुडी धरू लागले आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बायका त्यांच्या बरोबरीला आल्या. मंगोलियाची गोष्ट वेगळी आहे. कॅन्सरच्या मृत्युदरात तो देश जगात सर्वांत वर असतो तो यकृतामुळे, आणि यकृत बिघडवलं हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंनी. १९९१ पासून तिथे प्रत्येक बाळाला बी ची लस देतात. ती बाळं आता तिशीत आहेत. त्यांच्या आईबापांचं मरण मात्र अजून आकड्यांत येतंय.

थोडक्यात, श्रीमंत आणि मध्यम देशांत पुरुष पुढे. मग मलावी, झांबिया अशा पूर्व आफ्रिकेतल्या देशांत बायका पुरुषांच्या बरोबरीने किंवा जास्त का मरतात? कारण एकच अवयव: गर्भाशयाचं तोंड. हा कॅन्सर जवळजवळ सगळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं घेतो आणि त्या मधल्या काळात कॅन्सरच्या आधीचा बिघाड तपासणीत सापडला तर बाह्यरुग्ण विभागात पंधरा-वीस मिनिटांत निकालात काढता येतो. इतकी सवड देणारे कॅन्सर थोडेच. तरी २०२२ मध्ये जगात साडेतीन लाख बायका त्याने गेल्या.

भारत या दोन टोकांमध्ये कुठे बसतो? आपल्याकडे हे सांगणं अवघड, कारण नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचाव्या हिश्श्यालाच डॉक्टरने लिहिलेलं कारण असतं. गोव्यात जवळपास प्रत्येक मृत्यूला असतं. बाकी देशात घरी गेलेल्या माणसाच्या नावापुढे ‘म्हातारपण’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ असं काहीतरी पडतं. म्हणून देशाच्या जनगणना खात्याने आणि संशोधकांनी मिळून एक मोठा अभ्यास केला: प्रशिक्षित माणसं घरोघर जाऊन विचारायची, मरण्याआधी काय त्रास होता, गाठ होती का, अंगावरून रक्त जात होतं का, गिळता येत होतं का. त्या उत्तरांवरून डॉक्टरांनी कारण ठरवलं. कॅन्सरचे निष्कर्ष २०१२ साली छापून आले. २०१० मध्ये साडेपाच लाखांवर मृत्यू, त्यातले ७१ टक्के तीस ते सत्तर या कमावत्या-नांदत्या वयातले. आणि या वयातल्या ग्रामीण लोकांचा मृत्युदर: पुरुष लाखामागे ९५.६, स्त्रिया ९६.६.

या आकड्यापाशी थांबावं असं मला वाटतं. जगात, सगळी वयं धरून, तेहतीसचं अंतर आहे आणि आपल्या खेड्यांत या वयात जवळजवळ शून्य. तेही अशा देशात, जिथे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ४२ टक्के पुरुष आणि १४ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या. तंबाखूचं हे एवढं ओझं पुरुषांवर असून बायका त्यांच्या बरोबरीने मरत असतील, तर बायकांच्या बाजूला दुसरं कुठलंतरी ओझं तितक्याच वजनाचं आहे. त्याच अभ्यासात ते दिसतं: पुरुषांमध्ये सर्वाधिक मृत्यू तोंड आणि घशाच्या कॅन्सरने, बायकांमध्ये गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने. २०२२ च्या अंदाजांत हे दोन आकडे शेजारी ठेवले तर नवल वाटेल: तोंडाचा कॅन्सर, स्त्री-पुरुष मिळून, ऐंशी हजारांच्या आसपास मृत्यू, गर्भाशयमुख, नुसत्या बायका, ऐंशी हजारांच्या आसपास मृत्यू.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल निदान बोललं तरी जातं. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली. टपरीवर पान मसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या एकत्र विकून ती बंदी कशी गुंडाळून ठेवली, हे कुठल्याही एसटी स्टँडवर दिसतं. आपल्या राज्यात सिगारेट-बिडी फार थोडे ओढतात, चघळणारे आणि लावणारे पुष्कळ. बायकांची तंबाखू तर घरातच बनते. तव्यावर पान काळं होईस्तोवर भाजायचं, चुरायचं, वस्त्रगाळ करून डबीत भरायचं आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावायचं. मिश्रीला व्यसन म्हटलं की घरातली म्हातारी हसते. पण त्यावर निदान हसायला तरी विषय निघतो. अंगावरून पांढरं जातं, दोन पाळ्यांच्या मध्ये लाल जातं, याचा विषय घरात निघतच नाही. निघाला तरी दवाखान्यात जायला रोजगार बुडवावा लागतो, सोबतीला कोणीतरी लागतं आणि तो खर्च घराच्या यादीत शेवटी असतो.

यापुढचं सांगायला मराठवाड्यात जावं लागतं. ओढूनताणून नव्हे, तिकडचं काम जगाच्या आरोग्यशास्त्रात नोंदलं गेलंय म्हणून.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या अहवालात २०१२ ते २०१६ चे आकडे आहेत. देशात जिथे नोंदणी होती त्या भागांत सर्वांत जास्त प्रमाण पुरुषांमध्ये मिझोरमच्या ऐझॉल जिल्ह्यात: लाखामागे २६९.४. बायकांमध्ये अरुणाचलच्या पापुम पारेत: २१९.८. तिकडे तंबाखू ओढतात, खातात आणि मिझोरममध्ये तर तंबाखूच्या धुरात मुरवलेलं पाणी तोंडात धरतात. सर्वांत कमी प्रमाण कुठे? उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि बीडमध्ये. पुरुष ३९.५, स्त्रिया ४९.४. देशाच्या नकाशावरचा सर्वांत फिका रंग.

ही बातमी आली तेव्हा तिचा आनंदच झाला, आणि आकडा एकटा पाहिला तर तो आनंदाचाच आहे. पण त्यातला दहाचा फरक कोणी वाचला नाही. कॅन्सर एवढा कमी असलेल्या या दोन जिल्ह्यांत तो पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. तंबाखूने पुरुष मारायला अजून फारशी सुरुवात केलेली नाही तिथे बायका आधीच पुढे आहेत.

या भागाची नोंदणी सोपी नव्हती. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६० च्या दशकातली, देशातली पहिली. ती हॉस्पिटलांच्या कागदांवर चालायची. खेड्यातला माणूस हॉस्पिटलात जातच नाही, तर त्याची नोंद कुठून येणार? १९८७ मध्ये बार्शीत ग्रामीण नोंदणी सुरू झाली, देशातली पहिलीच, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी. कार्यकर्ते गावोगाव जायचे, बसून बोलायचे, कोणाला गाठ आहे, कोणाला रक्त जातंय विचारायचे आणि त्या माणसाला बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात यायला राजी करायचे. नोंदणी आणि निदान दोन्ही एका सायकलवर. बायकांमधल्या नोंदींत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा वाटा सर्वांत मोठा निघाला.

याच ओळखीच्या जोरावर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात एक प्रयोग झाला. डॉ. आर. शंकरनारायणन यांच्या नेतृत्वाखालचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचे संशोधक, मुंबईचं टाटा आणि बार्शीचं हॉस्पिटल. गावांचे ५२ समूह चार गटांत वाटले, त्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटातल्या बायकांची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग दिसतो का ते बघणं, आणि चौथ्या गटाची तपासणीच नाही. आठ वर्षांचा पाठपुरावा. २००९ साली निकाल छापून आला: फक्त एकदा एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटातल्या ३४,१२६ बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू ३४, तपासणी न झालेल्या ३१,४८८ मध्ये ६४. मरण जवळपास निम्म्यावर. बाकीच्या दोन पद्धतींनी तिथे असा फरक पडला नाही.

चौथ्या गटावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तपासणी न करण्याचं समर्थन असं होतं की भारतात ही तपासणी तशीही कोणाला मिळत नाही, म्हणजे न मिळणं हीच इथली नेहमीची व्यवस्था. हा युक्तिवाद मला पटत नाही, पण त्यात सरकारवर जो आरोप आहे तो मात्र शंभर टक्के खरा. त्या चौसष्ट बायकांच्या मरणातून जगाला पुरावा मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यांत उस्मानाबादचं नाव आहे. आणि भारतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ज्यांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली अशा १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत दर पाच वर्षांनी तपासणी लिहिलेली आहे, तीही आम्ल लावून बघण्याची. मुंबईच्या वस्त्यांत त्याच पद्धतीने मृत्यू एकतीस टक्क्यांनी कमी झाले होते, तेव्हा ती टाकाऊ म्हणता येणार नाही. पण कागदावर राहिली तर कुठलीच पद्धत कामाची नाही.

याच काळात शेजारच्या बीडमध्ये काय चाललं होतं? ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढणं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेला आकडा असा: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. अनेकींना सांगितलं गेलं होतं, ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल.’ ना चाचणी, ना बायोप्सी. मुकादमाकडून घेतलेली उचल ऑपरेशनमध्ये गेली आणि ऑपरेशननंतर पुन्हा कोयता. ज्या जिल्ह्यात कॅन्सर देशात सर्वांत कमी, तिथेच त्याच्या भीतीचा धंदा असा तेजीत चालला. आणि आकडेवारीतली एक बारीक गोष्ट: जिचा अवयवच काढून टाकलाय तिला त्या अवयवाचा कॅन्सर होणार नाही, पण लोकसंख्येच्या भागाकारात ती खाली मोजली जातेच. बीडमधल्या बायकांचा आकडा कमी असण्यात या ऑपरेशनांचाही काही हात असू शकतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. तपासण्या वाढवल्या की नको ते सापडतं. दक्षिण कोरियाने इतर तपासण्यांसोबत थायरॉइडची सोनोग्राफी स्वस्तात उपलब्ध केली. १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण पंधरापट झालं, मुख्यतः बायकांमध्ये, आणि मृत्यू होते तितकेच राहिले. हजारो बायकांनी गळ्यातली ग्रंथी उगाच गमावली. म्हणून महिला दिनाला निघणाऱ्या ‘संपूर्ण कॅन्सर पॅकेज’च्या जाहिराती मला आवडत नाहीत. रक्तातले मार्कर तपासून निरोगी बाईला घाबरवायचं आणि मग स्कॅनला पाठवायचं, हा बीडच्याच धंद्याचा शहरी भाऊ. पण गर्भाशयमुखाच्या बाबतीत हा आक्षेप उस्मानाबादने आधीच तपासून दिला आहे: तिथे मोजलं ते मरण, सापडलेल्या गाठी नव्हेत.

‘पुरुष जास्त मरतात, मग बायकांचंच का?’ असंही विचारलं जातं. पुरुषांना वाचवायला तंबाखूचा धंदा आवळावा लागेल. त्याला कर लागतो, पोलीस लागतात, मतांची भीती सोडावी लागते. ते करावंच. बायकांना वाचवायला कोणाच्या पोटावर पाय द्यावा लागत नाही. एचपीव्हीची लस पुण्यातच बनते, २०२३ च्या जानेवारीत ती बाजारात आणली गेली. सिक्कीमसारख्या छोट्या राज्याने २०१८ मध्येच शाळांमधून जवळजवळ सगळ्या मुलींना लस दिली होती, तीही बाहेरून आलेली. टीबीच्या तपासणीसाठी तालुक्यापर्यंत पोचलेली ट्रूनॅट मशीन गोव्यातली कंपनी बनवते, आणि त्याच मशीनवर एचपीव्हीची चिप चालते. नमुना बाई स्वतः आडोशाला जाऊन घेऊ शकते, टेबलावर झोपून अनोळखी माणसापुढे अंग उघडं करायची गरज नाही. सुरुवातीला फार काही मागायचं नाही: पस्तिशीच्या आसपास एकदा, पंचेचाळिशीत एकदा.

अडचण खरी आहे ती वेळापत्रकाची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बीड-धाराशिवच्या बायका दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टरवर बसून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, परततात उन्हाळ्यात. शिबिरं मार्चअखेर निधी संपवायच्या घाईत, जानेवारी ते मार्च घेतली, तर ती या बायका गावी नसतानाच होतात. गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं उरलेली असतात तेव्हा. तपासणी जून ते ऑगस्टमध्ये, पेरणीच्या आगेमागे झाली पाहिजे, आणि ज्यांचा निकाल पॉझिटिव्ह येईल त्यांच्यावर त्याच पावसाळ्यात, ट्रॅक्टर निघायच्या आत उपचार झाले पाहिजेत. आशाताईच्या वहीत कोणत्या बाईचा निकाल आला आणि ती आता कोणत्या कारखान्याच्या फडात आहे हे लिहायला एक रकाना लागेल. ती फडात असताना तिचा पाठपुरावा बीडच्या आरोग्य अधिकाऱ्याने करायचा की कोल्हापूरच्या, हे मला तरी कुठल्या शासन निर्णयात लिहिलेलं सापडलं नाही. आधी तेवढं लिहून घ्यावं.